चढणीची वाट आणि उन्हाळ्यातला डोह: मुंबईतल्या अँगलिंग गटांनी ओढा कसा सांभाळावा

मुंबईत गळाचा नाद असलेली माणसं काही कमी नाहीत. पवईच्या काठावर, ससून डॉकपासून वसईच्या खाडीपर्यंत, आणि रविवारी पहाटे कर्जत किंवा कसारा लोकलमध्ये रॉडची नळी खांद्याला लावून बसलेली ती दिसतातच. आता यातल्या बऱ्याच गटांना वाटू लागलंय, की ज्या पाण्याने इतकी वर्षं आनंद दिला त्याच्यासाठी काहीतरी करावं. मग परदेशातल्या ट्राउट क्लबांचे व्हिडिओ पाहिले जातात: ओंडके रोवून प्रवाह वळवणारे, वाळूगोटे धुणारे, काठावर झाडं लावणारे स्वयंसेवक. उत्साह येतो, आणि येत्या रविवारी आपणही जाऊन ओढ्यात चार दगड इकडचे तिकडे करावेत असं ठरतं.

ते करण्याआधी हा लेख वाचा. ट्राउट क्लबांची शिस्त आपण जरूर घ्यावी, कामांची यादी मात्र जशीच्या तशी घेऊ नये.

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो, आणि २५च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. आपल्या देशात तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून आणला गेला आणि काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड जागी रुजला. तो हिवाळ्यात गोट्यांमध्ये खळगा करून अंडी घालतो आणि ती अंडी आठवडेच्या आठवडे तिथेच असतात. गोट्यांच्या फटींत गाळ बसला की आत पाणी खेळत नाही आणि अंडी गुदमरतात. म्हणून तिकडचे क्लब गाळाच्या मागे हात धुऊन लागलेले असतात.

सह्याद्रीच्या पायथ्याचा ओढा वेगळा वागतो. चार महिने तो मोठमोठे धोंडे लोटत धावतो आणि उरलेले आठ महिने तुटत, आटत जातो. इथले बहुतेक मासे पावसाच्या पहिल्या लोंढ्यांबरोबर वर चढतात आणि उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालतात. हेच आपले चढणीचे, वलगणीचे मासे. म्हणजे इथल्या माशाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात: जूनमध्ये वर जायला मोकळी वाट, आणि एप्रिल-मेमध्ये तगून राहायला एक तरी जिवंत डोह. प्लॅस्टिक उचलणं हे तिसऱ्या क्रमांकाचं काम आहे. ते करावंच, पण तेवढंच करून घरी गेलात तर माशांच्या पदरात फारसं काही पडत नाही.

ओढा कोणता घ्यायचा

लहान घ्या. उल्हास किंवा वैतरणा 'वाचवायला' निघू नका; त्यांना मिळणारा एखादा ओढा, तोही किलोमीटर-दीड किलोमीटरचा तुकडा निवडा. स्टेशनपासून एसटीने किंवा सहा आसनी रिक्षाने तासाभरात पोचता यायला हवं, नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर गट गळतो. कर्जत, नेरळ, बदलापूर, आसनगाव, खर्डी या पट्ट्यात असे ओढे आहेत. जिथे उन्हाळ्यातही पाणी राहणारा डोह किंवा कोंड आहे तो तुकडा पहिला पकडा, कारण पुढच्या वर्षीचे सगळे मासे तिथूनच येणार असतात.

काही जागा मात्र आधीच बाजूला ठेवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले ओढे, तुळशी आणि विहार ही वनखात्याच्या किंवा महापालिकेच्या ताब्यातली क्षेत्रं आहेत. तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, गळ तर दूरच. पवईत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरून करायची कामं तिथे नकोतच. धरणांचे जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथे त्यांचा हक्क पहिला.

आधी माणसं, मग मासे

कर्जत, शहापूर, वाडा या तालुक्यांत ओढ्याकाठी ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. आपल्यासाठी मासा हा सुट्टीचा छंद असतो. त्यांच्या घरी तो त्या दिवशीचं कालवण असतो. हे डोक्यात पक्कं ठेवूनच वाडीत शिरा.

पहिल्या भेटीला काही वाटायला नेऊ नका आणि काही शिकवायला जाऊ नका. गावातल्या जुन्या जाणत्या माणसाला, 'मामा, या पाण्यात पूर्वी कोणकोणते मासे मिळायचे? आता कोणते दिसत नाहीत?' एवढं विचारा आणि ऐकत बसा. कुठल्या खडकाखाली वाम बसते, कुठला डोह कधी आटला, बंधारा झाल्यावर काय बदललं, हे सगळं तिथे कळतं. माशांची नावं ते सांगतील तशीच उतरवून घ्या. दोन खोऱ्यांमध्ये एकाच माशाची नावं वेगळी असतात.

मग ग्रामपंचायत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना भेटून लेखी पत्र द्या: आम्ही कोण, कुठल्या तुकड्यावर, कोणत्या महिन्यात, काय काम करणार. जमेल तर ग्रामसभेत ठराव करून घ्या. ओढा वनहद्दीत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी लागेल. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. अनेक ठिकाणी ती कागदावरच असते, पण तिच्याच नावाने तुमच्या नोंदींना पुढे अधिकृत घर मिळतं. म्हणून तिची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

पहिलं वर्ष फक्त पाहण्याचं

इथे गट अधीर होतात, आणि मला इथेच सर्वात जास्त आग्रह धरायचाय. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा पाहिल्याशिवाय ओढ्यातला एकही दगड हलवू नका. त्या वर्षात काय पाहायचं ते सांगतो.

तुकड्याचा नकाशा काढा. मोबाइलवर ठिकाणं खूण करा: डोह, उथळ खळाळ, बंधारा, रस्त्याखालची मोरी, कपडे धुण्याची जागा, गुरं उतरतात ती जागा, फार्महाऊसचा पाइप. प्रत्येक डोहाची खोली काठीने मोजा, तीच काठी, त्याच जागी, महिन्यातून एकदा. एप्रिल-मेचे आकडे सोन्यासारखे जपा.

प्रवाह मोजायला यंत्र लागत नाही. सरळ वाहणारा दहा मीटरचा पट्टा आखा, वरच्या टोकाला लिंबू सोडा आणि ते खालच्या टोकाला किती सेकंदांत पोचतं ते बघा. तीन-चारदा करून सरासरी काढा; दहाला त्या सेकंदांनी भागलं की वेग मिळतो. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने जातं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा. त्याला रुंदी आणि सरासरी खोलीने गुणलं की सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं ते मिळतं.

पाण्याचं तापमान पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा घ्या. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: १५ अंशाला लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात सांडपाणी मिसळलं की उरलेलाही जिवाणू खातात. विरघळलेला प्राणवायू मोजायचं किट घेतलंत तर मोजणी सूर्योदयाच्या आधी करा. रात्रभर शेवाळंसुद्धा प्राणवायू वापरत असतं, त्यामुळे सर्वात वाईट आकडा तेव्हाच मिळतो. सकाळी अकराचा आकडा नेहमी दिलासा देतो आणि फसवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात हा आकडा किमान ४ मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) ६.५ ते ८.५ असावा लागतो. तुमच्या डोहाचा आकडा पहाटे ४ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर वर कुठेतरी सांडपाणी येतंय असं समजून शोधायला लागा.

यापेक्षाही बोलकी आहे ती किड्यांची चाचणी, आणि ट्राउटवाल्यांकडून घ्यावी अशी ही सर्वात चांगली गोष्ट. बारीक जाळीचं हातजाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाशी टेकवून धरा. जाळ्याच्या वरच्या अंगाला, प्रवाहात उभं राहून तीन मिनिटं पायाने गोटे घुसळा. जाळ्यात आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये, थोड्या पाण्यात ओता आणि थांबा. सुरुवातीला नुसता पालापाचोळा दिसतो. मग त्यातली एक काडी चालायला लागते. ती काडी नसते, बारीक वाळूची नळी अंगावर वाहणारी कॅडिसफ्लायची अळी असते. चपट्या अंगाची, कडेला कल्ले हलवणारी, शेपटीला तीन केस असलेली ती मेफ्लायची पिल्लं. दोनच केस असलेली, सावकाश चालणारी स्टोनफ्लाय. हे तीन गट दिसले तर पाणी चांगलं आहे. ट्रेमध्ये फक्त लाल अळ्या आणि जळवा असतील तर पाणी नितळ दिसत असलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. मोजून झाल्यावर सगळं परत ओढ्यात सोडा. ही चाचणी वाडीतल्या शाळेच्या मुलांना घेऊन करा. ती आपल्यापेक्षा दुप्पट किडे शोधतात.

जून: चढणीची वाट

पहिल्या वर्षाचा नकाशा हातात आला की अडथळ्यांची यादी करा. आपल्या ओढ्यांवर तीन प्रकारचे अडथळे असतात.

पहिला, वनराई बंधारा. पावसाळा संपता संपता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमध्ये माती भरून तो घातला जातो. भाजीपाल्याला, गुरांना त्याचा खरा उपयोग होतो, तेव्हा त्याला विरोध करायचं काही कारण नाही. मात्र पाऊस येण्याआधी त्या गोण्या काढायला कोणी नसतं. मग जूनच्या पहिल्या लोंढ्यात त्या फाटतात, माती डोहात बसते आणि चिंध्या करंजाच्या मुळांना लटकतात. तुमच्या गटासाठी हे अगदी हातातलं काम आहे: मेच्या शेवटच्या दोन रविवारी, गावाला विचारून, गोण्या काढून काठावर रिकाम्या करणं आणि प्लॅस्टिक परत नेणं. माती पात्रात ढकलायची नाही.

दुसरा, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात. कधी ते गंजून अडकतात, कधी राहूनच जातात. बरगे स्वतः काढायला जाऊ नका. मेच्या सुरुवातीलाच ग्रामपंचायत किंवा जलसंधारण खात्याला फोटोसह पत्र द्या आणि काढताना हाताशी माणसं लागली तर उभे राहा.

तिसरा अडथळा वाईट: पक्का सिमेंट बंधारा किंवा उंचावर टेकवलेली मोरी. मळ्यासारखा मासा तोंडाखालच्या चकतीने ओल्या भिंतीला चिकटतो आणि इंच इंच वर सरकतो. पावसाच्या झडीत बंधाऱ्याच्या कडेला टॉर्च मारून पाहा, बोटभर लांबीचे मळे भिंतीवर ओळीने चिकटलेले दिसतील. पण बाकीच्यांना ही कला नाही. त्यांना उडी मारायला खाली खोल पाणी लागतं, आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी तर बोटभर पाण्याखाली सिमेंटचा कोबा असतो. ते आपटत राहतात आणि तिथेच पकडले जातात. यावर उपाय म्हणजे खालच्या बाजूला दगडांची लांब उतरण, एक फूट उंचीला निदान वीस फूट लांबीची, मोठे दगड एकमेकांत अडकवून आणि तळात रुतवून केलेली. हे हौशी काम नव्हे. सह्याद्रीचा पूर सैल रचलेला दगड एका रात्रीत नेतो. जलसंधारणाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचा आराखडा आणि खात्याची लेखी परवानगी असेल तरच हात घाला.

आणि आपला गळ? जून ते ऑगस्ट ओढ्यात गळ टाकायचाच नाही, हा नियम गटाने स्वतःवर घालावा. पोटात गाभोळी असलेली मादी सोडून दिली तरी धडपडीत तिचं नुकसान होतंच. वाडीतल्या माणसांना 'चढणीचे मासे मारू नका' असं सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही; त्यांची पाग (फेकून टाकायची जाळी) आणि बांबूचे सापळे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. बोलायचं ते एवढंच, की सगळी वाट अडवू नये, एक बाजू मोकळी राहावी. हा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा नीट कळतो.

विष आणि सुरुंग यांची गोष्ट वेगळी. ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक किंवा जिलेटीन वापरून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असं काही दिसलं तर वाद घालू नका, वेळ आणि जागा टिपा आणि पोलीस पाटलांना कळवा.

एप्रिल-मे: डोह

उन्हाळ्यात डोहाला चार शत्रू असतात: पंप, गाळ, ऊन आणि जेसीबी. पंपाबद्दल शेतकऱ्यांशी आधीच बोलून, अमुक खुणेच्या खाली पाणी गेलं की उपसा थांबवायचा, असं ठरवून घेता येतं. खडकावर रंगाने खूण करा, म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

जेसीबीबद्दल जरा स्पष्ट लिहितो. नाला खोलीकरण आणि रुंदीकरणात ओढ्याचा सरळ चर होतो. डोह आणि खळाळ यांची नैसर्गिक मांडणी जाते, गोटे उचलले जातात, काठची झाडं पडतात. पाणी साठवण्याचा हेतू चांगला असतो, पण मासे, खेकडे, किडे यांचं घर एका आठवड्यात सपाट होतं. काम सुरू झाल्यावर ते थांबवता येत नाही. आराखडा ग्रामसभेत येतो तेव्हा, तुमच्या मोजणीची वही घेऊन, 'हा डोह आणि याच्या वरचा-खालचा पट्टा वगळा' एवढी नेमकी मागणी करा. खोलीच्या बारा महिन्यांच्या नोंदी समोर ठेवणारा माणूस ग्रामसभेत ऐकला जातो.

उन्हासाठी झाडं. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ही काठाची मंडळी. पाण्याला अगदी लागून वाळुंज आणि निरगुडी. वाळुंज म्हणजे विलायती ट्राउट ओढ्यांवरच्या विलोचा आपला भाऊबंद, आणि त्याच्यासारखाच फांदीच्या खुंटावरून जगतो. पावसाळ्याच्या तोंडाला अंगठ्याएवढ्या जाडीचे, हातभर लांब खुंट दोन तृतीयांश जमिनीत जातील असे तिरपे ठोका. मातीचा ढासळता काठ याने धरला जातो. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी नकोत. रोपांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घाला, शेळ्या कोणाचं ऐकत नाहीत. पश्चिमेकडचा काठ आधी घ्या, दुपारनंतरची सावली तिथूनच पाण्यावर पडते.

मासे सोडायचे का?

नाही. हा प्रश्न प्रत्येक गटात येतो, कारण मत्स्यबीज सोडतानाचा फोटो छान येतो. रोहू-कटला तलावात ठीक. ओढ्यात ते परके आहेत. चिलापी, गप्पी, गंबुशिया, मत्स्यालयातला सकर मासा हे तर अजिबात नकोत. घरच्या टाकीतले मासे 'मोकळे' करणाऱ्यांनाही हेच समजवा.

महाशीरचं उदाहरण द्यायलाच हवं. आपला खडस, म्हणजे निळसर परांचा महाशीर, साइक्स या ब्रिटिश अभ्यासकाने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून शास्त्रात नोंदवला. लोणावळ्याच्या वळवण केंद्राने त्याची पैदास करून मोठं काम केलं. पण तीच पिल्लं कावेरीत सोडली गेली, आणि आज तिथला मूळचा कुबड असलेला महाशीर अतिसंकटग्रस्त आहे. त्या ऱ्हासाच्या प्रमुख कारणांत या बाहेरून आलेल्या भाईबंदांची गणना होते. चांगला मासासुद्धा चुकीच्या नदीत संकट होतो.

खडस टिकवण्याची आपली जुनी पद्धत पाहायची असेल तर वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे, किंवा महाडजवळ काळ नदीवरचं वाळण कोंड इथे जाऊन या. देवाचा डोह म्हणून तिथे मासे मारत नाहीत. तुमच्या तुकड्यात असा मान असलेला डोह असेल तर नवीन फलक लावू नका, आहे त्याच श्रद्धेचा आदर करा.

गळाची शिस्त

सप्टेंबरपासून पुढे गळ टाकाल तेव्हा गरीचा (गळाच्या आकड्याचा) उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा ओल्या हाताने धरा, शक्यतो पाण्यातच गरी काढा. तळपत्या दुपारी, पाणी तापलेलं असताना, गळ बंद. तुटलेला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) खिशात घालून आणा. त्यात खंड्या, ढोकरी, पाणसाप अडकून मरतात. काठावर अडकलेला जुना तंगूस काढायला एक माणूस कात्री घेऊन नेमा. शिशाची वजनं पाण्यात सोडून येऊ नका.

सांडपाणी दिसलं तर

कपडे धुणाऱ्या बायकांना भाषण देऊ नका. ओढ्यापासून थोडं दूर धुण्याचा कट्टा आणि त्याला शोषखड्डा, हे ग्रामपंचायतीच्या मदतीने होण्यासारखं काम आहे. रिसॉर्ट किंवा फार्महाऊसचा पाइप असेल तर तारीख-वेळ दिसणारे फोटो, पाइपच्या वरचे आणि खालचे प्राणवायूचे आकडे आणि किड्यांची नोंद जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आधार १९७४ चा जलप्रदूषण कायदा. मासे मेलेले दिसले तर ते कोणी खाऊ नयेत हे वाडीत आधी सांगा, मग स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळा गाठा.

जीव सांभाळून

वरच्या डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, आवाज बदलला, की सामान सोडून काठ चढायचा. कर्जतजवळच्या पेज नदीत भिवपुरी वीजगृहाचं पाणी येतं, तिथे पावसाविनाही पातळी वाढू शकते. पावसाळ्यात धबधबे आणि ओढ्यांवर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश असतात. ते स्वयंसेवकांनाही लागू आहेत.

गमबूट घाला. पायाला जखम असेल त्याने पाण्यात उतरू नये. गुरं उतरतात त्या पाण्यात काम केल्यावर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, म्हणून आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा आणि नंतर ताप आला तर ओढ्यात उतरल्याचं त्यांना आवर्जून सांगा. सर्पदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम) जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे ते निघण्याआधी फोन करून पक्कं करा. १०८ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा, आणि रेंज कुठे मिळते ती जागाही नकाशावर हवी.

वही कोणाची

वर्षाअखेरीस नोंदींच्या दोन प्रती काढा, मराठीत. एक शाळेत द्या. दुसरी जैवविविधता व्यवस्थापन समितीला, लोक जैवविविधता नोंदवहीत जोडण्यासाठी. माशाचं वाडीतलं नाव, फोटो, कुठल्या डोहात, कोणत्या महिन्यात, एवढं पुरे. अशा नोंदींचं वजन किती होऊ शकतं याचं उदाहरण आंबोलीत आहे. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेला काही सेंटीमीटरचा मुरी मासा २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. तुमच्या ओढ्यात नवी प्रजाती सापडेलच असं नाही. पण पुढच्या वर्षी खोलीकरणाचा आराखडा येईल तेव्हा गावाच्या दप्तरात तुमच्या डोहाचं नाव, खोली आणि त्यातले मासे लिहिलेले असतील. प्रत देताना ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही आणि शिक्का घ्यायला विसरू नका.